आबांची गोळी आणि तुझी म्हैस

दादा,

पोस्टिंगवर जाताना तू आबांसाठी म्हैस बांधून गेलास. दर फोनला बजावलंस, "पार्किन्सनची गोळी लय कडक हाय, गिलासभर दुधाबरोबरच दे." वर्षभर मी तेच केलं. तरी आबांना सदऱ्याचं बटण लागेना. तुला पत्र लिहिणं तर त्यांनी सोडूनच दिलं.

साताऱ्याचे डॉक्टर गोळी वाढवणार होते. मी सहज विचारलं, दुधाबरोबर देते, चालतं ना?

"अहो, दुधातलं प्रोटीन या गोळीला आडवं येतं. जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्यानं द्या."

मला चैन पडेना. गोळी पाण्याबरोबर कधी दिली, गुण कधी आला, ते रोज घड्याळ लावून वहीत लिहायला लागले. चौथ्या दिवशी चाळीस मिनिटांत बोटं सुटली! आबा म्हणाले, "राजे, कागद आण गं."

तुझं दूधच आडवं येत होतं, हे फोनवर सांगवेना, म्हणून हे लिहायला बसले. तोवर आबांचं पत्र लिहून झालं. अक्षर मुंगीएवढं, पण त्यांचंच. पहिलीच ओळ, "तुझ्या म्हशीचं दूध झ्याक हाय."

खोटं नाही. गोळीनंतर दोन तासांनी पितात की!

त्यांचंच पोस्टात टाकते. माझं राहू दे वहीत.

तुझी,
राजेश्वरी