पान ९, ओळ ४

यवत, १ ऑक्टोबर २०००, रविवार
माझ्या टायपिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर येऊन पंधरा दिवस झाले, डोकं फिरलंय. फाईल बंद करायला गेलो की विचारतो, बदल सेव्ह करायचे का? तुला काय करायचंय? सव्वीस वर्षं टाईपरायटर बडवला, त्यानं कधी उलट प्रश्न केला नाही. रागानं 'नो' दाबलं. दोन अर्ज गेले. चूक यंत्राची.
आजपासून फाईल बंदच करायची नाही. प्रत्येक बदल वहीत नोंदवायचा: पान, ओळ, वेळ, सही. माझी लेक पूनम पाबळला कॉम्प्युटर शिकते, सुट्टीला घरी आलीय. म्हणाली, आप्पा, दोन बटणं दाबली की सेव्ह होतं. म्हटलं, शिस्त बटणात नसते.

३ ऑक्टोबर
कवठे येमाईहून रखमाजीमामा आले. सोमवारी पुण्यात गळ्याचं ऑपरेशन. आवाज राहणार नाही म्हणे. जन्मभर मेंढरं घेऊन कोकणात उतरले. कुठं तळ पडला, कुठल्या तळावर कोण जन्मलं, कोण गेलं, सगळं कागदावर पायजे म्हणाले. संगतीचं कोणी उरलं न्हाई, पोरांना काय बी ठावं न्हाई, आन् मला लिवता-वाचता येत न्हाई. म्हटलं, मामा, योग्य माणसाकडं आलात.
मथळा टाईप केला. पूनमनं मध्येच हात घालून तो सेव्ह केला. तिला झापलं.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ
नऊ पानं झाली. भामाबाई मामी बाळंतपणात ज्या गावच्या तळावर वारल्या, त्या गावाचं नाव मामांनी दोनदा बदलून घेतलं. तेवढं बरोबर पायजे, म्हणाले. वहीत नोंद केली: पान ९, ओळ ४. मामा कवठ्याला गेले.
पूनम परत सेव्हचं बोलली. परत झापलं.

६ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी कॉम्प्युटरची पूजा. हळदकुंकू, झेंडू. फाईल उघडीच. पूनम बटण दाबायला आली. पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही, एवढंही कळत नाही या पिढीला. तिचा हात मागं ओढला.

दुपारी
मॉनिटरला लाईटची माळ सोडली, त्याच बोर्डातून. फ्यूज उडाला, कॉम्प्युटर बंद. बायकोला म्हटलं, माळ आणायला कुणी सांगितलं होतं? म्हणाली, तुम्हीच. प्रश्न तो नाही. वही आहे, घाबरायचं कारण नाही.

७ ऑक्टोबर, दसरा
फाईलमध्ये फक्त मथळा. वही उघडली. एकशे सोळा नोंदी. 'नाव दुरुस्त.' 'तळ बदलला.' पान ९, ओळ ४: 'गाव बदलले.' दोनदा. प्रत्येकीपुढं झोकात सही.
कोणतं गाव ते लिहिलेलं नाही. का लिहायचं? स्क्रीनवर दिसत होतं.
पूनम म्हणाली, आजच कवठ्याला जा, मामा बोलतायत तोवर परत विचारून घ्या. सणाच्या दिवशी? उद्या.

८ ऑक्टोबर, रविवार
वहीत नवा रकाना आखला: 'काय बदलले'. एकशे वीस पानं आखायला दिवस गेला. आता ही पद्धत परिपूर्ण आहे. मामांकडं उद्या.

९ ऑक्टोबर, सोमवार
एसटी लेट. डेपोवाल्यांच्या नावानं शंख केला. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा मामांना आत नेलं होतं. थोडं थांबले असते तर काय बिघडलं असतं?

१० ऑक्टोबर
मामा शुद्धीवर. गळ्याला पट्टी. हातानं विचारलं, झालं का?
मी वही दिली. त्यांनी पानं उलटली. एवढं लिहिलेलं बघून डोळे भरले. मग बोट फिरवत माझ्याकडं बघितलं, कुठं हाय? मला कळलं. पान ९, ओळ ४ वर त्यांचं बोट ठेवलं. म्हटलं, मामी इथं हाय.
बराच वेळ बोट तिथंच होतं. मग वही उशाखाली ठेवली.
पूनमला घरी काय सांगायचं? सगळा राग तिच्यावर काढला होता, आता तोही राहिला नाही.
नवा रकाना रिकामाच आहे.