काट्याचं बोलणं आणि तुमचा भोंगा

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार.

मी इथे सुखरूप आहे आणि तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. माझी अजिबात काळजी करू नका. निवृत्त होताना तुम्ही मला या साबणाच्या कारखान्यात चिकटवलंत आणि मी अजून चिकटून आहे. मधे थोडा सुटत आलो होतो, एवढंच. तेही मी निस्तरलं आहे.

झालं असं, की पॅकिंगच्या खोलीतला काटा खोक्याचं वजन एका तारेतून संगणकाला कळवतो. ते वजन अधूनमधून पोचेना. मालकांनी ठरवूनच टाकलं, की पॅकिंगच्या ताई (भिंतीपलीकडूनही ऐकू येतात त्याच) वजन न करता खोकी पुढे ढकलतात. ताई म्हणाल्या, "माझ्यावर आळ घेण्याआधी तुमच्या त्या डबड्याला विचारा!" विचारायचं काम माझ्याकडे आलं. मालकांनी प्रेमानं मुदत दिली, "शनिवारपर्यंत शोध. नाहीतर ताईंना तरी घरी बसवतो, नाहीतर तुला तरी मामाकडे धाडतो."

आपल्याकडे पॅकेट ॲनालायझर आहे. संगणक एकमेकांशी जे बोलतात, ते तो मधेच पकडून ओळीनं मांडून दाखवतो. पण काट्याची तार संगणकांच्या जाळ्यात नाही, म्हणून काट्याचं बोलणं त्याला ऐकूच येत नाही. (अभ्यासक्रम मी अर्धवट सोडला, आणि हे सगळं सोडलेल्या अर्ध्यात असणार, असं ताई म्हणतात. मी ते मनाला लावून घेत नाही.) यावर सोय अशी, की आपण बाहेरचा एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचा. ॲनालायझर उघडला, की तो त्या फोल्डरमधल्या एकेका प्रोग्रॅमला उठवून विचारतो, तुझ्याकडे ऐकण्यासारखं काय आहे? माझा सांगतो, काटा आहे. मग त्यानं "पकड" म्हटलं, की माझा काट्याचं बोलणं पकडून त्याच्या नळीत ओतत राहतो. मी तो लिहिला, तपासला, पुन्हा तपासला. आणि मला पसारा बघवत नाही हे तुम्ही जाणताच, म्हणून कारखान्याचे इकडेतिकडे पडलेले बाकीचे प्रोग्रॅमही आवरून त्याच फोल्डरमध्ये लावून ठेवले. त्यात तुम्ही लिहिलेला संध्याकाळच्या भोंग्याचाही होता.

त्यानंतर मी ॲनालायझर उघडायचा अवकाश, भर दुपारी सुट्टीचा भोंगा होऊ लागला. ताई काटा बंद करून, पिशवी उचलून दाराबाहेर. ॲनालायझर कान टवकारून बसलेला आणि काटा मुका. भोंगा जुना आहे, उन्हानं बिघडत असेल, असं मी समजलो आणि काटा मेला आहे असं मालकांना लेखी कळवलं. मालक रिकाम्या खोलीत उभे राहून म्हणाले, "काटा राहू दे, माणसं कुठं गेली?"

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. मी एकटाच बसलो होतो. ॲनालायझर उघडला आणि भोंगा झाला. वॉचमनकाका डबा गुंडाळून हजर. "आज लवकर सोडलं वाटतं?"

"काका, आज सुट्टीच आहे."

"मग मी इथे काय करतोय?"

"तुमची ड्यूटी आहे."

"मग भोंगा कुणी दिला?"

मी ॲनालायझर बंद केला, पुन्हा उघडला. भोंगा. काका निघाले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ॲनालायझर तुमच्या भोंग्यालाही अदबीनं विचारत होता, तुझ्याकडे ऐकण्यासारखं काय आहे? आणि तुमचा भोंगा, मामा, काहीही विचारलं तरी वाजूनच दाखवतो.

तो लगेच बाहेर काढला. शुक्रवारी काटा घडाघडा बोलला. तो वजन नीट सांगत होता, पण त्याचं बोलणं पुरं होण्याआधीच संगणक पुढचं विचारत होता. त्याला थोडं थांबायला शिकवलं आणि सगळी वजनं पोचू लागली. ताई सुटल्या, मी टिकलो. "मी म्हटलं नव्हतं?" असं ताई ज्या आवाजात म्हणाल्या, त्यापुढे भोंग्याची गरज नव्हती.

एकूण सर्व उत्तम आहे.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. भोंग्याची गरज आहे. संगणकातलं घड्याळ त्याच्या प्रोग्रॅमला संध्याकाळी मूळ जागी शोधतं, आणि आवरण्याच्या भरात ती जागा कोणती होती ते मी विसरलो. आधी हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण संध्याकाळी कारखान्यात कुणी उरतच नव्हतं. काल मात्र सगळे अंधार पडेपर्यंत काम करत बसले. मालक खूश झाले. ताई आता माझ्याशी बोलत नाहीत, नुसत्या बघतात. ती जागा फक्त तुम्हालाच माहीत आहे. कळवाल का?

आणखी एक. भोंगा असा कुणी लिहिला, असं मालकांनी विचारलं. मी खोटं बोलत नाही. हे पत्र ते स्वतः घेऊन येत आहेत. मामींच्या गुडघ्याची चौकशी करायला आलो, असं म्हणतील. पण गाडीची मागची सीट तुमच्यासाठी पुसून ठेवली आहे. मीच पुसली.