बानूसाठी बोललेला नवस

१४ जून २०१४, शनिवार
आधी पूजा, मग पोहे, मग रेसेस. हा क्रम मोडत नाही. त्याने काय फरक पडतो ते माहीत नाही, पण मोडत नाही.
बाहेर इथला जूनचा हिवाळा, वारा आणि बारीक पाऊस. आई सोफ्यावर रजई घेऊन. टीव्हीवर घोडे आले की तिची माळ थांबते. साधी रेस तिला आवडत नाही, उड्यांचीच आवडते. "बघ कसं झेपावतंय. पाय कसं पोटाशी घेतंय."
रेस संपल्यावर उठून देवघरातून भंडारा आणला आणि टीव्हीच्या कोपऱ्याला बोट टेकवलं. मग माझ्या कपाळाला. म्हणाली, "खंडोबाचं वाहन हाय. परमुलखात येऊनसुदिक तू शनवारचा घोडी बघत बसतूस. तुझ्या बापाला असलं काय न्हवतं."
माझ्या हातात फोन होता. चार नंबरच्या घोड्यावर पैसे लावलेले. तो दुसरा आला.
सुनीताने संध्याकाळी टीव्ही पुसला. आई इथे आहेत तोवर हे लावणं बंद ठेवा, असं ती एप्रिलमध्येच म्हणाली होती.

१७ जून
मी याला जुगार म्हणत नाही. म्हणजे मनात म्हणत नाही. नशिबावर काही सोडत नाही. जुन्या रेसेसच्या चित्रफिती बघतो, जमीन किती ओली ते बघतो, आणि प्रत्येक घोड्याचा भाव, म्हणजे जिंकल्यास एकाला किती मिळायला हवेत ते, माझा मी काढतो. लोकांचा भाव माझ्यापेक्षा बराच जास्त असेल तरच लावतो. नाहीतर शनिवार कोरडा.
आणि एक नियम. देवाकडे घोड्यासाठी काही मागायचं नाही. पाच वर्षांत एकदाही मागितलेलं नाही. या एका गोष्टीवर मी स्वतःला बरा माणूस समजत आलोय.
हे लिहून वाचलं. बरं वाटलं नाही.

२२ जून, रविवार
गणपतीच्या तयारीची बैठक, एकांच्या घरी. प्रत्येकाने एक पदार्थ. आईने बायकांना सांगितलं, "आमचा दत्ता दर शनवारी घोड्याचं दर्शन घेतो. कुळाचा देव इसरला न्हाई." पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "किती छान, हल्ली कोण एवढं करतं."
प्लेट घेऊन बाहेर आलो, तर आयटीतला एक पोरगेला माणूस घराच्या लाकडी डेकवर उभा. हसून म्हणाला, "काका, दर्शनाला भाव काय मिळाला?"
मीही हसलो.

२ जुलै
प्लांटवर दुपारी रॉससोबत चहा. आम्ही दोघे मिल्क पावडरच्या ड्रायरची मीटरं सांभाळतो, नऊ वर्षं एकाच बाकावर बसून. त्याच्या मेव्हण्याकडे घोडे आहेत. त्यातल्या एका तपकिरी घोडीत रॉसचा आठवा हिस्सा. शनिवार-रविवार स्वतः जाऊन तिला खरारा करतो, गाजरं नेतो.
घोडी मागच्या रेसला पडली होती. बारा तारखेला पुन्हा पळणार, डोंगरातल्या घळीच्या पलीकडच्या रेसकोर्सवर. रॉस म्हणाला, "तू लावणार असशील तर मला सांगू नकोस, मेट. तू कॅल्क्युलेटर काढलास की मला भीती वाटते."
घरी येऊन ती पडल्याची चित्रफीत अनेकदा पाहिली. दमून पडलेली नाही. पुढच्या घोड्याने वाट कापली म्हणून उडी जवळून घ्यावी लागली. ज्याने फक्त निकालाचा तक्ता वाचला त्याला ‘पडली’ एवढंच दिसेल. लोक भितील. भाव वाढेल.
माझी सगळी कमाई या एका गोष्टीवर आहे. पडलेल्या जनावराला लोक जरुरीपेक्षा जास्त भितात.

१२ जुलै, शनिवार
आईला यायचंच होतं. "टीवीवर किती दिस बघू." सु. ड्यूटीवर, लेक इरा मैत्रिणीकडे. नेली. दोन स्वेटर, कानटोपी, वर माझं जाकीट. पिशवीत गूळ आणि भंडाऱ्याची पुडी.
रॉसने कुंपणाशी गाठलं. आईला इथला नमस्कार केला, "किया ओरा, मम." आईने त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तो लाल झाला. मग त्याने आम्हाला मागे तबेल्यापर्यंत नेलं. घोडीने गूळ आईच्या तळहातावरून खाल्ला. आईने तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर भंडारा लावला आणि रॉसला विचारलं, "नाव काय हिचं?" मी भाषांतर केलं, त्याने सांगितलं, आईला ते बोलता येईना. "मी बानू म्हणते. बानाई आमच्या देवाची दुसरी, धनगराची लेक." रॉसने दोनदा म्हणून पाहिलं. बानू. जमलं त्याला. मी घोडीचा फोटो काढून इराला पाठवला.
माझ्या हिशेबाने घोडीचा भाव सहा असायला हवा होता. बोर्डावर अकरा. आई गुळाचा हात पुसत होती तेव्हा लावले. नेहमीच्या तिप्पट.
शेवटून दुसऱ्या अडथळ्यापर्यंत ती पुढे होती.
तिथे पडली. जॉकी उठला, चालत आला. ती उठली नाही. माणसं हिरवा पडदा घेऊन धावली.
आई म्हणाली, "पडद्याआड काय करत्यात?"
म्हणालो, "डॉक्टर आलाय. पाय बांधतायत."
"दुखतंय म्हून लोकांपासनं झाकलं व्हय. चांगली मानसं हायती."

१३ जुलै
लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
एक. शेवटच्या वळणावर ती पुढे आली तेव्हा माझ्या तोंडून "येळकोट, येळकोट" निघालं. नियम मोडला. आणि मागितलं तेही तिने नीट पार व्हावं म्हणून नाही. अकराचा भाव होता म्हणून.
दोन. पडदा लावला तेव्हा रॉस कुंपणावरून उडी मारून पळाला. मी खिशातून पेन काढून रेसकार्डावर टिपून ठेवलं, कोणता अडथळा, जमीन कशी होती. हात सवयीने चालला. आई शेजारी होती.
तीन. रात्रीपासून तपासतोय. सहाचा भाव बरोबर होता. लावणं बरोबर होतं. पडण्याची शक्यता धरूनच तर सहा काढला होता. म्हणजे ती मरेल हेही त्यात होतं. मी ते आकड्यात घातलं, घोडीची किंमत ठरवली, आणि मग तिने आईच्या हातचा गूळ खाल्लेला बघितला.
आज रविवार, खंडोबाचा वार. आईने सकाळी देवासमोर बसून नवस बोलला. बानू बरी होऊन चालायला लागेपर्यंत रविवार-सोमवार निरंकार उपास. बरी झाली की सोमवतीला अनवाणी गड चढणार, तिच्या नावाने भंडारा उधळणार.
मी शेजारी घंटा वाजवत होतो. थांबवलं नाही.

१९ जुलै, शनिवार
या आठवड्यात रॉस कामावर आला, पण बाकावर बसला नाही. डबा गाडीत खातो. काल एवढंच म्हणाला, "तुझ्या मम्ला सांग, तिने लावलेलं पिवळं घोडीच्या डोक्यावर तसंच होतं. मी पुसू दिलं नाही."
सॉरी म्हणालो.
"तू लावले होतेस?"
"थोडे."
त्याने मान हलवली आणि गेला. थोडे.
आई रोज विचारते. आज काय म्हनली बानू? उभी ऱ्हाती का? मी रोज काहीतरी सांगतो. जरा बरी आहे. आज गवत खाल्लं. खोटं बोलायला मला विचार करावा लागत नाही, हे या आठवड्यात कळलं.

२८ जुलै, श्रावणी सोमवार
सु.चा प्लांटवर फोन. आई बाथरूमच्या दारात खाली बसलेली, घामाने ओली. साखर फार खाली गेलेली. सु. सुट्टीवर होती म्हणून निभावलं. मधुमेहाची गोळी घेतली होती आणि कालपासून पोटात काही नाही. साखरपाणी पाजलं. "नवस मोडला का गं," हेच विचारत होती.
सु.ने मला गॅरेजमध्ये नेलं. कपडे धुण्याच्या मशीनजवळ उभी राहून हळू आवाजात, "सांगून टाका त्यांना. आजच्या आज."
"काय सांगू? घोडी मेली?"
"घोडी मेली. आणि तुम्ही दर्शन घेत नव्हता."
"एवढं सगळं नको."
"मग अर्धं सांगा. पण त्या जेवल्या पाहिजेत."

२९ जुलै
अर्धंही सांगितलं नाही. सोपं ते केलं. रॉसचा फोन आला, बानू चालायला लागली, असं सांगितलं. आईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि रडली. मग सु.कडे वरणभात मागितला.
सु. ताट वाढताना माझ्याकडे बघत नव्हती.

३ ऑगस्ट
आईने शिरा केला. देवाला, मग रॉससाठी डबा भरून. तो डबा माझ्या गाडीच्या डिकीत आहे. त्याला कुठल्या तोंडाने देऊ.
आईला बऱ्या झालेल्या बानूचा फोटो पाहिजे, गावी दाखवायला. इंटरनेटवरून तशीच एक तपकिरी घोडी काढून फोनवर दाखवली. आईने चष्मा लावून पाहिली, स्क्रीनवरून बोट फिरवलं. इरा खांद्यावरून वाकली. "बाबा, दॅट्स नॉट हर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिच्या डोक्यावर व्हाइट होतं."
आईने विचारलं, काय म्हणते पोर? म्हणालो, छान आहे म्हणते.
इराला मराठी सगळं कळतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

९ ऑगस्ट, शनिवार
लावले. तीन शनिवार हात लावला नव्हता. मागच्या खेपेला पडलेला एक घोडा, लोक घाबरलेले, भाव चढलेला. माझं गणित बरोबर निघालं. जिंकला.
गॅरेजमध्ये फोनवर पाहिली रेस. आनंद झाला. तो झाला हेच लिहायचं होतं.

१५ ऑगस्ट
आईच्या बॅगा. तिकीट २१ चं, कारण सोमवती २५ ला. भावाने जेजुरीला जायची गाडी ठरवली आहे. आईच्या गुडघ्यांत आता पाणी झालंय. डॉक्टरने इथेच सांगितलंय की जिने टाळा. मी फोनवर भावाला म्हणालो, डोलीत बसव. आईने फोन काढून घेतला. "अनवानी बोललीया. पायांनीच जानार. बानू दीड-दोन मण वजन घिऊन त्या कुपाट्या उडती, माजं काय जड हाय?"
तिने ‘उडती’ म्हटलं. अजून उडतेच.
एक माणूस देवाला दिलेला शब्द पाळायला निघालाय आणि त्या शब्दाच्या पलीकडे काहीच नाही. हे मी केलं. घोडीचं मरण मी नाही केलं, हे माझं मला समजावता येतं. हे नाही समजावता येत.

२० ऑगस्ट, बुधवार
सुट्टी घेतली. सु. आणि इरा बाहेर गेल्या. मुद्दामच गेल्या असाव्यात.
आई उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची ओढून बसली होती, पायाला तेल लावत. मी तेलाची वाटी घेतली आणि तिचे गुडघे चोळायला बसलो. वर न बघता सांगितलं. बानू त्याच दिवशी गेली. पडद्याआड तिला मारावंच लागलं, पाय जोडता येत नव्हता. मी खोटं बोललो.
तिचा पाय माझ्या हातात होता. तो तिने काढून घेतला नाही.
तिने विचारलं, "मंग फोटू कुनाचा?"
"दुसऱ्या घोडीचा."
"जिती हाय का ती?"
"माहीत नाही."
मग बाकीचंही सांगितलं. दर शनिवारी पैसे लावतो. बानूवरही लावले होते, ती पडू शकते हे धरून. आणि मी देवाचं नाव घेतलं ते पैशासाठी.
वाटलं होतं रडेल, किंवा शिव्या देईल. वडिलांना दारूसाठी द्यायची तशा. ती फक्त म्हणाली, "तवा तू कागदावर लिवत हुतास. मला वाटलं देवाचं नाव लिवतूस."
हातातलं तेल जिरत चाललं होतं.
मी म्हणालो, "आता गड चढू नकोस. नवस राहिलाच नाही."
"तुजा न्हाई. माजा हाय." मग पदराने पाय पुसले. "मी जानार. पन बानू बरी झाली म्हून आलीया, असं देवाफुडं खोटं बोलनार न्हाई. आनि माज्या लेकाचं काय, ते माज्या मनानं सांगनार न्हाई. तू सांग मी काय बोलू. जे सांगशील ते तसंच्या तसं बोलंन. उद्या निघायच्या आदी सांग."
उठली, भिंतीला धरून आत गेली, बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला.

२१ ऑगस्ट, सकाळ
पूजा झाली. देवासमोर बसून वाक्य जुळवत होतो. ‘मी सोडलं’ असं सांगितलं, तर ती तेच बोलेल. पायऱ्या चढून, धापा टाकत, तसंच्या तसं. ‘सोडीन’ म्हटलं तरी तेच बोलेल. मला खात्री नसलेलं एकही वाक्य तिच्या तोंडी देता येत नाही. खात्री असलेलं शोधतोय.
सु. गाडी गरम करतेय. इरा बॅगा ओढतेय, आजीला म्हणतेय, "आजी, जॅकेट घाल, इट्स फ्रीझिंग." आई तिकडे चपला शोधतेय.
आता दारात येऊन उभी राहिली आहे. माझं लिहून व्हायची वाट बघतेय.