मेंदी शेडमधला तिसरा रंग

पांडेसरा, १३ फेब्रुवारी १९९६, संध्याकाळ

कापडाच्या मेंदी शेडला पिवळा, निळा आणि तिसरा रंग कोणता, एवढंच मिलच्या गुजराती रंगमास्तरांनी आज सकाळी विचारलं. मला पिवळ्या-निळ्यापुढचा आठवेना. शेजारी उभ्या, माझ्याच खोलीत राहणाऱ्या मधूनं तिन्ही रंग वजनासकट सांगितले आणि रंगखोलीची किल्ली त्याला मिळाली.

काल सकाळी रात्रपाळी सुटताना आम्हा दोघांना एकदमच शिकवलं होतं. मी पेन काढलं तर मास्तर म्हणाले, "कागदवर लिखू नको, डोकामा ठेव." त्यांची कृती चोरीला जाईल ना. मग मलाच म्हणाले, माणूस कमी आहे, तू दिवसपाळीही कर. मी खूश. मशीनवर उभ्या उभ्या घोकू, आणखी पक्कं होईल. मधू खोलीवर जाऊन आमच्या एकुलत्या एका खाटेवर पसरला. मी मात्र दिवसभर आणि पुन्हा रात्रभर घोकत राहिलो. पिवळा, निळा, आणि तिसरा?

तो झोपला, त्याला आठवलं. झोपेत डोकं काय करतं कोण जाणे. वाफ दिल्याशिवाय रंग कापडावर पक्का होत नाही, हे रोज बघणाऱ्या मला एवढं कळू नये?

आज मधू लगेच रंगखोलीत रुजू झाला, म्हणून खाट मला. मेल्यासारखा झोपलो. आत्ता उठून तोंड धुताना तिसरा रंग आपोआप जिभेवर आला. लाल, अगदी थोडा. आता काय उपयोग?

हे लिहितोय तोवर मधू आला. कमरेला किल्ली. म्हणाला, "भाऊ, सरक. तुझी पाळी सुरू होईल, मला झोपू दे."