आपण पाठवलेल्या सेन्सरबद्दल

गोंडपिपरी
सोमवार

आदरणीय लच्छूभाऊ यांना हरिदासचा मनापासून जय भीम. सोनीबाई वहिनींनाही सांगा. तुमचा गुडघा आता बरा असेल असं धरून चालतो. बरा नसेल तर कळवू नका, कारण तुमचं दुखणं वाचलं की माझंही तेच दुखायला लागतं (मागे तुम्ही दाढेचं लिहिलं तेव्हा मी आठवडाभर एका बाजूने जेवलो, शेवटी डॉक्टर म्हणाला की आजोबा, या जागी तुम्हाला दाढच नाही). इकडे सगळे ठीक. तुमची बहीण बायनाबाई तर उत्तम आहे, आवाज नागपूरपर्यंत येत असेलच. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण ती फोन स्पीकरवर टाकते आणि माझ्या आधी स्वतःच बोलते. म्हणून पत्र.

विषय जरा नाजूक आहे. आपण आमच्या नातीसाठी, रिनासाठी, जीपला लावायचा जो वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर नागपूरहून पाठवला, त्याबद्दल लिहायचं आहे. आधी आभार मानतो. एवढी महागाची वस्तू सख्खा भाऊही पाठवत नाही (माझ्या भावाने तर कधी साधी पानसुपारी पाठवली नाही). आपण ती हौसेने आणि विश्वासाने घेतली यात मला तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती दुकानदाराविषयी. पण ते ओघाने येईल.

तुम्हाला माहीतच आहे की रिनाने चंद्रपूरला गाड्यांचा डिप्लोमा केला आणि घरासमोरच्या टिनाच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. लोक येतात, चहा पितात, गाडी मात्र पुढच्या गॅरेजला नेतात. पोरीच्या हाती गाडी कशी द्यायची! म्हणून तिने माझी जुनी पेट्रोलवरची जीप घेतली, की हिला अशी करून दाखवते की लोकांनी पाहत राहावं. तिच्या बापाला, आमच्या राजदीपला, हे पटत नाही. तो तुमचा भाचा असला तरी मनाने हेडमास्तर आहे. त्याने सांगून टाकलं की येत्या शनिवारी जीप सिंदेवाहीला जाऊन धानाचं बियाणं घेऊन, काळा धूर न काढता परत आली तर ठीक. नाहीतर रविवारी भंगारवाला निकेश ती घेऊन जाईल आणि रिनाने पुण्याच्या कंपनीत जावं. निकेश येऊन पाहूनही गेला. जीपभोवती असा फिरला जसा पाव्हणा पोरगी पाहायला येतो, आणि बॉनेटवर टकटक करून हसला. मला रात्रभर झोप नाही. रिना पुण्याला गेली तर दिवसभर घरात राहू आम्ही दोघंच, आणि तुमच्या बहिणीला बोलायला एकटा मीच उरीन. माझा बीपी तुम्हाला ठाऊक आहे.

तर सेन्सर. मला कळलं तेवढं सांगतो. इंजिन जो धूर सोडतं त्यात प्राणवायू किती उरला ते हा सेन्सर हुंगतो आणि सोबत आलेल्या, समोर लावलेल्या मीटरवर आकडा दाखवतो. चौदा पॉइंट सातच्या आसपास असला तर हवा आणि पेट्रोल बरोबर. आकडा वर गेला तर हवा जास्त, खाली आला तर पेट्रोल जास्त. (डॉक्टरने माझ्यासाठी असं एखादं मीटर दिलं असतं तर किती काळजी वाचली असती.) श्रीहरी वेल्डरने सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून नट जोडला, सेन्सर त्यात बसणार. पण त्याआधी रिनाने तो तारेला लावून अंगणात मोकळ्या हवेत टांगला, कारण चांगली हवा कशाला म्हणतात ते मीटरला आधी शिकवावं लागतं. मला राखणीला बसवलं. श्रीहरी बिडी पेटवून आला तर मी त्याला फाटकाबाहेर काढला. म्हणाला, “हरिदासभाऊ, मले काऊन हाकलता? मी त जनमभर याच हवेत बिडी पिऊन राह्यलो.” मी म्हटलं, मीटर शिकून राह्यलं, त्याले बिघडवू नको. तुमच्या बहिणीने चूल पेटवली तीही विझवायला लावली. त्या दिवशी जेवण उशिरा झालं आणि त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं.

पहिल्या दिवशी मीटरने काम फार छान केलं. आकडा चौदा-साडेचौदाच्या मध्ये शहाण्या पोरासारखा बसून होता. रिनाने कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवला, इंजिन मांजरासारखं गुरगुरलं, आणि मी रस्त्यावरून जाणाऱ्या तिघांना बोलावून आकडा दाखवला. दुसऱ्या दिवसापासून मात्र वस्तूचा खरा गुण दिसला. आकडा सतरा, मग अठरा! म्हणजे पेट्रोल कमी. रिनाने पेट्रोल वाढवलं. तरी अठरा. आणखी वाढवलं. आता सायलेन्सरमधून वीटभट्टीसारखा काळा धूर, प्लग कोळशासारखे, आणि मीटर म्हणतं पेट्रोल कमीच आहे. डोळ्यांनी पाहावं तर एक आणि मीटर सांगतं दुसरं. पोरीने वायर तपासली, अर्थिंग तपासलं, मग म्हणाली की पाइपाला कुठेतरी फट असावी, तिथून बाहेरची हवा आत जात असावी. तिने सायलेन्सरच्या तोंडाला ओलं पोतं दाबलं आणि मला म्हणाली, “आबा, खाली वाका, कुठी फुस आवाज येते का पाहा.” मी वाकलो. कान जवळ नेला तर खरंच फुस्स! मी जो उठलो तो थेट ओट्यावर. लच्छूभाऊ, आपल्या भागात गाडीखाली फुस्स झालं तर माणूस काय समजेल? मी ओरडलो, साप! अर्धी गल्ली काठ्या घेऊन आली. सर्पमित्राला बोलावलं, त्याने जीप पूर्ण पाहिली, पान्यांची पेटी उचलून पाहिली, तीन चहा पिऊन गेला. साप सापडला नाही. रिनाचा सबंध दिवस गेला आणि ती फट पाहायची तशीच राहिली. सगळ्यांना वाटतं माझ्यामुळे. साप नव्हता यात माझा काय दोष?

यात आमच्याकडून हयगय झाली असं मात्र समजू नका. वस्तूची निगा मी स्वतः राखतो. सेन्सर जीपखाली उघडा, गल्लीत वानरांची टोळी, रात्री कोण येईल सांगता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी तो पान्याने काढतो, रुमालात गुंडाळतो आणि तांदळाच्या कोठीत ठेवतो. सकाळी रिना उठायच्या आत परत बसवतो. (पहिल्या दिवशी फार गरम होता, निवायला मध्यरात्र झाली, तेव्हा काढला.) बसवताना पाना लावत नाही, बोटांनीच अलगद फिरवतो, कारण रिना म्हणाली होती, आबा, वस्तू नाजूक आहे. एवढं लेकरासारखं जपूनही ती असं वागत असेल तर दोष मुळातच आहे असं मला वाटतं. तेव्हा विनंती अशी की दुकानदाराला चांगलं फैलावर घ्यावं आणि शनिवारच्या आत दुसरा, खरा सेन्सर बदलून पाठवावा. रागावू नये. आपण गाडीतलं जाणता, पण नागपूरच्या दुकानात आपल्यासारख्या सरळ माणसाला कोण काय पुडीत बांधून देईल, सांगता येत नाही.

आपला,
हरिदास

ता.क. (बुधवार): वरचं पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी रिना माझ्या मागोमाग उठली आणि जीप चालू करण्याआधी सेन्सर उघडायला गेली. पाना लावला नाही तोच तो बोटांनी गरागरा फिरून हातात आला. तिने टोक उजेडात धरलं. टोकाच्या टोपीला बारीक भोकं असतात, त्यातल्या एकात तांदळाची कणी! “सायलेन्सरात भात कोन शिजवून राह्यलं?” म्हणाली. तुमची बहीण तिथेच उभी होती. तिने कणी तळहातावर घेतली, पाहिली आणि म्हणाली, “हे त माह्या कोठीतले तांदूळ. आन् मी म्हणो कोठीत रोज उंदीर काऊन खुडबुडते!” मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. सेन्सर ढिला होता, त्या फटीतून हवा जात होती, तोच तुमचा तो साप. खालची, फट बुजवायची तांब्याची बारीक चकतीही मी पहिल्याच वेळी काढून ठेवली होती, खोक्यातल्या पॅकिंगपैकी असेल म्हणून. (ती शर्टाच्या खिशात सापडली, धुऊन चकचकीत झाली आहे.) रिना रागावली नाही, नुसती ओट्यावर बसून हसत राहिली, आणि ते मला जास्त लागलं. वर मी दुकानदाराबद्दल आणि ओघाने आपल्याबद्दल जे लिहिलं ते वाचू नये. पत्र फाडून नवं लिहिलं असतं, पण माझं बोट दुखतं.

तेव्हा खरी विनंती वेगळीच आहे. राजदीपला अजून काही माहीत नाही. त्याला कळलं तर तो जीपच्या आधी मलाच निकेशला देईल. तुम्ही त्याला एक फोन करावा आणि सांगावं की चूक तुमचीच होती, तुम्हीच ढिला पीस पाठवला. तुम्ही नागपूरला आहात, तुम्हाला इथे तोंडावर कोण काय बोलणार? मला रोज त्याच्याच पंगतीत जेवायचं आहे.

पुन्हा ता.क. (शनिवार संध्याकाळ): फोन करू नये! रिनाने चकती घालून सेन्सर पान्याने आवळला, पेट्रोल पहिल्यासारखं कमी केलं आणि आज आम्ही सिंदेवाहीला जाऊन आलो. राजदीप स्वतः मागे बसला होता आणि सगळा रस्ता मान वळवून धूर शोधत होता. आता त्याची मान वळत नाही, तुमची बहीण तेल लावून देते आहे. बियाण्याची पोती भरून मूल गावाजवळचा चढही जीप काढून गेली, आकडा जागचा हलला नाही. फाटकात निकेश उभा होता. राजदीपने खाली उतरून त्याला एवढंच म्हटलं, “निकेश, तुही गाडी लय धूर टाकते, रिनाले दाखव.” आणि त्याने दाखवली! पहिलं गिऱ्हाईक भंगारवालाच. राजदीपला कणीचं बुधवारीच कळलं होतं, तुमच्या बहिणीने सांगितलं. त्याने फक्त आज दुपारी डब्यात माझ्यासाठी भात न घेता भाकरी घेतली.

शेवटची ता.क. (मंगळवार): सेन्सरला मी आता हात लावत नाही, वचन दिलं आहे. फक्त संध्याकाळी मीटर तेवढं मागच्या वायरी सोडवून घरात आणतो, कारण ते तर काचेतून रस्त्यावरूनच दिसतं. तांदळात ठेवत नाही, त्याची काळजी नसावी. तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवतो. पण परवापासून आकडा मध्येच लुकलुकतो आणि विझतो, रिना सकाळपासून वायरी तपासून राहिली आहे. रागावू नका, लच्छूभाऊ, पण हे मीटर तुम्ही नेमकं कोणत्या दुकानातून घेतलं होतं?