पाचशे जणांचं एकमत

मंगळवार, दिवेलागणीला. मी सांगते, नात लिहिते.

केजच्या कॉलेजात शिकवणारा पुतण्या आज ओसरीवर पुस्तक वाचून दाखवत होता. बुद्ध गेल्यावर म्हणे पाचशे भिक्षू जमले, त्याचं सगळं बोलणं म्हणून दाखवलं आन् तेच खरं असं ठरवलं. कुणाचंच दुमत न्हाई!

मी म्हटलं, "मास्तर, मंग ज्यानं खरं ऐकलं त्याला बाहेर बसवलं असंल."

"काकू, ती धर्मानं चालणारी माणसं होती."

धर्म म्हणे! सासरे गेले तेव्हा ह्याचा बाप धरून चौघं भाऊ धर्माचंच नाव घेत बसले होते. माझ्या विधवा धाकट्या जावेच्या रानाला विहिरीचं पाणी द्या, असं म्हातारा बोललाच न्हाई, हे एकमतानं ठरलं.

"आठवड्यातून दोन दिवस पाणी धाकलीचं." म्हातारा हे बोलला तेव्हा वारा मीच घालत होते. मला कुणी विचारलं? आन् मी तरी कशापायी गप बसले? चौघांत माझा नवरा होता म्हणून. दोन दिवस पाणी, फक्त दोन.

आज पुतण्याला सगळं सांगितलं. त्यानं पुस्तक मिटलं. "काकू, पुरावा काय?"

"त्या पाचशेंना मागितलास का रं?"

उद्या धाकलीला संगं घेऊन विहिरीवरची मोटार मीच चालू करणार हाय.