डावा पाय

सेक्टर २, भिलाई
ता. १२ सप्टेंबर १९६२

तीर्थस्वरूप मारोतराव वस्तादांस, तेजरामचा साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल आहे. बेबीताई, तुम्ही वडिलांना हे पत्र वाचून दाखवाल तेव्हा मधलं गाळू नका. मागच्या वेळी गाळलंत आणि वस्तादांनी उत्तरात भलतंच विचारलं.

बातमी अशी, की भिलाईत तुमची लाठी सुरू झाली. प्लांटची पहिली पाळी सुटली की क्वार्टरमागच्या मैदानात चौदा जण येतात. बरेचसे आपल्या भंडाऱ्याकडचे, एक पंजाबी वेल्डर आणि दोन बंगाली. सगळे मलाच वस्ताद म्हणतात. पहिले काही दिवस तर मी मागे वळून पाहायचो, तुम्ही आलात की काय म्हणून. दसऱ्याला सेक्टरमध्ये आमचे खेळ आहेत. तुम्ही यायलाच हवं.

गेल्या आठवड्यात केवलराम फिटरने विचारलं, "वस्ताद, वाराच्या आधी डावा पाय कावून घासून राहिलो आपण? मतलब क्या है इसका?"

मी ऐटीत सांगितलं, समोरच्याच्या डोळ्यांत धूळ उडवायला. मग पाहिलं तर चौदाही जण डावा पाय ओढत पुढे येत होते, पंजाबीसुद्धा. वस्ताद, ते तुमचं लंगडणं. तुमचं बघून मी शिकलो, माझं बघून हे.

त्या दिवशी खूप हसलो. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

बेबीताई, तुमच्या पवळ्या बैलाने वस्तादांना लाथ मारलीच नव्हती. तो बिचारा उगाच बदनाम झाला आणि बाजारात गेला. वस्तादांनी थांब म्हटल्यावरही मी चेवात लाठी फिरवली, ती त्यांच्या गुडघ्यावर बसली. मी रडत होतो, आणि ते जमिनीवर बसून मलाच म्हणाले, "बैलानं लात मारली सांगजो घरी. अन् उद्या टायमावर येजो."

पुढची सहा वर्षं मी रोज वेळेवर आलो, पण माफीसाठी तोंड उघडलं नाही. वस्ताद, माझं चुकलं. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

या लोकांचं ते पाय ओढणं सोडवायचा प्रयत्न केला. सोडवलं की कोणाचाच वार नीट बसत नाही. म्हणून तुम्ही या, बघा आणि सांगा, ठेवू की काढू. रागावलात तरी चालेल, पण या. गोंदियाहून दुर्गची गाडी धरा, मी स्टेशनवर असेन.

तुमच्या डाव्या पायावर डोकं ठेवून,
तेजराम